चौतीस नवी भांडी आणि एक लुगडं

आमच्या संग्रहालयात आलेला माणूस पहिला प्रश्न विचारतो तो किमतीचा. तलवारीपुढे उभा राहतो, मान वाकडी करून पात्याकडे बघतो आणि म्हणतो, "भाऊ, याचे किती येतीन?" दुसरा प्रश्न, "इकाची आहे का?" तिसरा प्रश्न मुतारी कुठं आहे हा. ही तलवार कुणाची, असं विचारणारी माणसं मला हाताच्या बोटांवर मोजता येतील, आणि त्यातला एक पोलीस होता.

या नोकरीला कागदोपत्री वस्तुपाल म्हणतात. त्याआधी मी जिनिंगच्या काट्यावर होतो. तिथे कापसाची गाडी भरून येई आणि रिकामी जाई. मधला फरक लिहायचा, एवढंच काम. संग्रहालयाचं काम त्याच्या बरोबर उलट. इथे फरक पडला की नोकरी जाते. सकाळी वस्तू मोजायच्या, संध्याकाळी पुन्हा मोजायच्या. कपाटात डांबरगोळ्या ठेवायच्या. प्रत्येक वस्तूच्या पाठीमागे बारीक अक्षरात नंबर घालायचा. आणि जुनं पितळ कधीही घासायचं नाही, कारण त्याचा काळेपणा हेच त्याचं वय. घरी पितळेची भांडी काळी दिसली की मी बायकोला बोलायचो. ही नोकरी लागल्यावर तो अधिकार गेला.

आमचं गाव वाशीम भागात. नाव लिहीत नाही, कारण मला अजून तिथेच राहायचं आहे. संग्रहालय एका जुन्या धर्मशाळेत होतं. दोन खोल्यांत मिळून एकशे बारा वस्तू: तलवारी, ढाली, सनदा, नाणी, मधल्या कपाटात एक जरीची पगडी आणि दाराशी एक मुंडकं नसलेला विष्णू. विष्णूला येणारे-जाणारे कुंकू लावत. मी संध्याकाळी पुसायचो, सकाळी ते परत असायचं. या एकशे बारा वस्तू गावातल्या पाच घरांतून आल्या होत्या. पाच घरांचा इतिहास दोन खोल्यांत मावत नव्हता, आणि उरलेल्या तालुक्याचा इतिहास असलाच तर तिसऱ्या खोलीत मोडक्या खुर्च्यांखाली असावा.

संग्रहालय चालवणाऱ्या मंडळाचे अध्यक्ष वकीलसाहेब होते. मधल्या कपाटातली पगडी त्यांच्या पणजोबांची. माणूस अभ्यासू, स्वभावानं वाईट नाही, पण स्वतः केलेल्या नियमांवर त्यांचं फार प्रेम. शंभर वर्षं झाल्याशिवाय वस्तू संग्रहालयात घ्यायची नाही, हा त्यांचाच नियम. पहिल्या खोलीत त्यांचा स्वतःचा मोठा फोटो टांगलेला होता. त्याला शंभर वर्षं झालेली नाहीत, असं मी एकदा हळूच म्हणालो.

"भाऊ," ते म्हणाले, "ती वस्तू नाही. तो अध्यक्ष आहे."

सत्तरच्या दशकातली गोष्ट. एका उन्हाळ्यात नागपूरहून संग्रहालयांची तपासणी करणारे साहेब आले. सगळं बघून झाल्यावर त्यांनी विचारलं, "या भागात फक्त तलवारवालेच राहत होते का? शेती कोण करत होतं?"

"शेती होती," वकीलसाहेब म्हणाले.

"ती होती हो. ती करणारे?"

वकीलसाहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मी विष्णूकडे पाहिलं. साहेब जाताना सांगून गेले: आसपासच्या सगळ्या समाजांच्या वस्तू इथे दिसल्या पाहिजेत. मी पुढच्या वर्षी पुन्हा येईन, न कळवता. मान्यतेचं तेव्हा बघू.

मग तिसऱ्या खोलीतल्या खुर्च्या निघाल्या, चुना लागला, आणि 'सर्व समाजांचे दालन' अशी पाटी दालनात काहीही नसताना लागली. गावात दवंडी पिटवली. केनवडच्या बाजारात मी स्वतः उभा राहून ओरडलो: ज्यांच्या घरी पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली वस्तू असेल, त्यांनी ती संग्रहालयाला द्यावी, देणाऱ्याचं नाव लिहिलं जाईल.

लोकांनी दिल्या. भरभरून दिल्या. दसऱ्यापर्यंत माझ्याकडे चौतीस नग जमा झाले: पेले एकोणीस, ताटं सहा, डबे पाच, पराती तीन आणि दुधाची बरणी एक. सगळे कोरे करकरीत. बहुतेक स्टीलचे, काहींवर दुकानाची चिठ्ठी चिकटलेली. आणि प्रत्येकावर ठिपक्याठिपक्यांनी नाव घातलेलं: अमुक तमुक यांजकडून संग्रहालयास सप्रेम भेट.

चूक आमची होती. आमच्याकडे कुणाला वापरलेली वस्तू भेट द्यायची म्हणजे त्याचा अपमान करायचा. लग्नात, बारशात, देवळात द्यायचं ते नवं, आणि वर नाव घालून. सार्वजनिक संस्थेला घरातलं पोचे पडलेलं घंगाळं कोण देईल? नाव लिहिलं जाईल असं आम्हीच ओरडून सांगितलं होतं. लोकांनी ते काम आमच्यावर ठेवलं नाही इतकंच.

बायको मला डबा द्यायला आली, तिनं दालन बघितलं आणि म्हणाली, "हे संग्रहालय आहे की कुणाचं लग्न निघालं?"

वकीलसाहेबांनी कपाळावर हात मारला. "शंभर वर्षं थांबावं लागेल भाऊ, या पेल्यांसाठी."

उपाय मला बोहारणीकडे बघून सुचला. ती जुन्या कपड्यांच्या बदल्यात नवी भांडी देते. मी म्हटलं, आपण जुन्याच्या बदल्यात नवं देऊ. चौतीस नवे नग पोत्यात भरून फिरू. वकीलसाहेबांनी परवानगी दिली; त्यांना वाटलं, निदान खोली रिकामी होईल.

दिवाळीच्या आधी मी बैलगाडीत पोती टाकून फिरलो. अदलाबदल मात्र लोकांना लगेच पटली. यात अपमान नव्हता, हा व्यवहार होता. मंगरूळपीरच्या कासमचाचांनी आजोबांच्या वेळचा, तोटी असलेला तांब्याचा बधना दिला आणि ताट घेतलं. म्हणाले, "ये ले जा भाऊ, और संभाल के रख. हमारे दादा इसकू बच्चे से ज्यादा संभालते थे. हमारे अब्बा कू ये बात का बुरा भी लगता था."

पोहरादेवीच्या वाटेवरच्या तांड्यावर एक म्हातारी होती. तिथे आईला याडी म्हणतात, म्हणून मीही तिला याडीच म्हणालो. तिनं तिच्या आजीची आरसे लावलेली कांचळी, म्हणजे पाठीवर बंद असलेली चोळी, बाहेर काढली, परातीवर बोट वाजवून पाहिलं आणि म्हणाली, "देतो. पन रामनवमीच्या जत्रेले मले वापस पायजे."

"याडी, संग्रहालयात ठेवलेली वस्तू परत नाही देता येत."

"मंग जत्रेत मी काय तुही परात घालून जाऊ?"

मी परत देण्याचं कबूल केलं. एक गोष्ट मात्र मनाला लागली. घरोघरी बायका एकच सांगत: मागच्या साली आले असते त लय होतं, सगळं मोडीत घातलं. स्टील घरात यायच्या त्या दिवसांत किती पिढ्यांचं तांबं वितळलं असेल, त्याचा हिशोब माझ्याकडे नाही. आम्ही तेव्हा सनदांवरची धूळ झटकत होतो.

शेवटी पोती घेऊन गावात आलो, तेव्हा वकीलसाहेब कोर्टात होते. त्यांच्या पत्नी, आम्ही त्यांना काकू म्हणतो, दारात आल्या. "काय काय आहे त्यात?" त्यांनी पोतं पालथं घालायला लावलं, प्रत्येक नग हातात घेऊन पाहिला आणि सहा पेल्यांचा एक संच बाजूला काढला. मागच्या दारातून सासऱ्यांचं तांब्याचं घंगाळं आणवलं आणि म्हणाल्या, "हे घेऊन जा. घासून माझे हात झिजले."

मी पेल्यांवरचं नाव वाचलं होतं. काकूंनाही वाचता येत होतं. मी पोतं बांधून घेतलं.

ते पेले शेवंताबाईचे होते. शेवंताबाई सावळे, बौद्धपुऱ्यात राहणारी, साठीच्या पुढची, मजुरी करून मुलाला पोस्टात चिकटवलेली. लिहिता-वाचता येत नव्हतं. म्हणून भांडं आपलं आहे हे ओळखायला ती नावाखाली पिंपळाचं एक पान काढून घेत असे.

तिच्याकडे मी मंडळाच्या सांगण्यावरून वेगळ्या कामासाठी गेलो होतो. वकीलसाहेबांच्या मते त्या समाजाची ऐतिहासिक वस्तू म्हणजे पूर्वी गावकामासाठी हातात धरावी लागे ती घुंगरांची काठी. ती मिळवा, असा ठराव झाला होता. शेवंताबाईनं ऐकून घेतलं.

"काठी आमी छप्पन सालीच नदीत टाकली, भाऊ. अन्‌ थे आमची नोयतीच. तुमी देली व्हती, तुमीच हुडका."

मग ती आत गेली आणि पेटीतून एक पांढरं लुगडं घेऊन आली. नागपूरला दीक्षा घ्यायला जाताना नेसलेलं. "हे घ्या. गाडीत बसाच्या आंधी खाली कागद टाकत जाओ. एक डाग नाई पडू देला."

"जपून ठेवलंय तुम्ही."

"मेल्यावर अंगावर घालाले ठेवलं व्हतं. मंग इचार केला, मी त जाणारच आहो, त्यानं कायले माह्या संग जावं? लोकाईले दिसू द्या. नाव ल्याहा माहं. अन्‌ उघडं ठेवा, गाठोडं करून नोका ठेवू."

एवढंच तिचं मागणं होतं. मी ते मंडळापुढे ठेवलं. मंडळानं उत्तर दिलं: वस्तू वीस वर्षांचीही नाही.

मकरसंक्रांतीनंतर वकीलसाहेबांच्या घरी बैठक झाली. काठीचं काय झालं ते सांगायला शेवंताबाईलाही बोलावलं होतं. ओसरीवर वकीलसाहेब, मंडळाचे तीन सभासद, मी आणि पलीकडे खांबाला टेकून ती. वकीलसाहेब नियम समजावून सांगत होते आणि बोलून बोलून त्यांचा घसा कोरडा पडला. त्यांनी पाणी मागवलं. काकूंनी ट्रेमध्ये सहा पेले पाठवले. सहावा शेवंताबाईला.

तिनं पेला उचलला, फिरवला, आणि तिचा हात थांबला. तिनं आधी माझ्याकडे पाहिलं. मी छताकडे पाहिलं.

"वकीलसाहेब," ती म्हणाली, "पेलं का पाणी?"

"प्यालो. का?"

"गोड लागलं?"

"पाणी आहे ते, बाई. गोड कशाला लागेल?"

"मंग पेल्यावर नाव कोनाचं आहे, थे वाचा न जरा."

वकीलसाहेबांनी चष्मा लावला. 'शेवंताबाई सावळे' इथपर्यंत मोठ्यानं वाचलं आणि पुढचं मनात वाचलं. एका सभासदानं हातातला पेला खाली ठेवला. पण पाणी अर्धंच प्यायला होता, आणि तहान खरी होती. थोड्या वेळानं त्यानं तो पुन्हा उचलला.

"अहो ऐकलं का?" वकीलसाहेबांनी आत हाक मारली. "हे पेले घरात कसे आले?"

"पायानं नाही आले," काकू आतून म्हणाल्या. "मी घेतले. मामंजींच्या घंगाळ्याच्या बदल्यात."

"नाव वाचलं नव्हतं?"

"वाचलं होतं की. दिवाळीपासून तुम्ही त्यातच पीत आहात. काही दुखलं का?"

ओसरीवर कुणी हसलं नाही. हसण्यासारखं होतं, पण यजमानांचं घर होतं. शेवंताबाईनं सावकाश पाणी संपवलं. "ठंडगार आहे, काकू," ती म्हणाली.

वकीलसाहेब वकील होते. एक मुद्दा हरला की ते दुसऱ्यावर उभे राहत. ते म्हणाले, लुगडं घ्यायला हरकत नाही. मात्र वस्तू जुनी नसल्यानं ती तळच्या फळीवर ठेवावी, घडी घालून. कार्डावर 'पांढरे लुगडे' एवढं लिहावं.

"बरं," शेवंताबाई म्हणाली. असं 'बरं' माझी बायकोही म्हणते. ते ऐकलं की मी सावध होतो.

लुगडं तळच्या फळीवर गेलं. दर बाजाराच्या दिवशी शेवंताबाई यायची, वाकून बघायची आणि जायची. एकदा तिच्यासमोरच केनवडचा एक पाहुणा मला म्हणाला, "हे फडकं कपाट पुसाचं आहे का?" त्यानंतर ती वाकली, तेव्हा जास्त वेळ वाकलेली राहिली.

"पिवळं पडून राह्यलं, भाऊ."

मी आमच्या धंद्याचं तत्त्व सांगितलं: कापड जुनं झालं की पिवळं पडतं, आमच्यात त्यालाच मोल असतं.

"तुमच्यात असन. थ्या दिवशी आमी सारे पांढरे व्हतो. नागपूरले जिकडे पाहो तिकडे पांढरं. अन्‌ इथं कोनी पाहीन त म्हनन, हे पिवळं नेसून गेल्ती."

चैत्रात ती एक दिवस बादली, साबण आणि निळीची पुडी घेऊनच आली. मी म्हटलं, संग्रहालयातली वस्तू धुता येत नाही. हा नियम वकीलसाहेबांचा नाही, सगळीकडचा आहे.

"वस्तू तुमची, लुगडं माहं. वस्तू ठेवून घ्या, लुगडं धुवाले द्या."

मी विचार केला. त्याच सकाळी तांड्यावरची याडी तिची कांचळी घेऊन गेली होती. रामनवमी जवळ आली होती. तिच्या जागी मी कार्ड ठेवलं होतं: 'ही वस्तू पोहरादेवीच्या जत्रेला गेली आहे.' कांचळीला जत्रा चालते, तर लुगड्याला अंगण का चालू नये? मी लुगडं काढून दिलं. अट एकच, धुणं माझ्या नजरेखाली. पाणी मी शेंदलं, आणि ओलं लुगडं एकटीला पिळवेना म्हणून निळीत हातही मीच घातले. धर्मशाळेच्या खांबापासून लिंबापर्यंत दोरी बांधली आणि लुगडं पसरलं. अंगण भरून गेलं. त्याची खरी लांबी मला तेव्हाच कळली.

तेवढ्यात जीप आली. नागपूरचे साहेब, न कळवता.

वकीलसाहेबांना निरोप गेला. ते कोटाची बटणं लावतच आले. साहेब तोवर तिसऱ्या दालनात फिरत होते. त्यांनी बधना पाहिला, काकूंचं घंगाळं पाहिलं, जत्रेचं कार्ड दोनदा वाचलं. तळच्या फळीवर 'पांढरे लुगडे' हे कार्ड होतं आणि लुगडं नव्हतं.

"हेही जत्रेला?"

"नाही साहेब," मी म्हणालो, "ते वाळतंय."

सगळे अंगणात आले. वकीलसाहेबांचा चेहरा पडला. "भाऊ, काढा ते आधी. साहेबांच्या वाटेत..."

"हात नोका लावू," शेवंताबाई म्हणाली. "ओलं आहे."

साहेबांनी तिला विचारलं, तिनं सांगितलं: कधी नेसली, कुठं गेली, खाली कागद कसा टाकला. फार बोलली नाही. साहेब पायरीवर बसले, बूट काढले आणि म्हणाले, "वाळू द्या. मी थांबतो."

साहेब थांबले म्हणून वकीलसाहेबांना थांबावं लागलं. कोट घालून ते चैत्राच्या उन्हात उभे होते. सावली होती, पण ती लुगड्याची होती. थोड्या वेळानं ते तिथेही आले.

लुगडं वाळलं. नऊवारी लुगड्याची घडी एकट्यानं होत नाही, हे घराघरात माहीत असतं. शेवंताबाईनं दोन टोकं आपल्या हातात घेतली आणि समोर पाहिलं.

"धरा, वकीलसाहेब."

"मी?"

"भाऊचे हात निळीनं भरले. साहेब पाहुणे आहेत. तुमीच उरले."

यात खोडून काढण्यासारखं काही नव्हतं. वकीलसाहेबांनी टोकं धरली आणि भिंतीपर्यंत मागे गेले.

"ताठ धरा जी. झोल पडून राह्यला."

त्यांनी ताठ धरलं. मग दोघं एकमेकांकडे चालत आले, तिनं त्यांच्या हातून टोकं घेतली, ते पुन्हा मागे गेले. असं दोन-तीनदा झालं. शेवटची घडी त्यांच्या हातात देऊन ती बादली विसळायला गेली. वकीलसाहेब दोन्ही हातांवर लुगडं घेऊन उभे राहिले.

"कुठं ठेवायचं, भाऊ?" त्यांनी मला विचारलं. इतक्या वर्षांत हा प्रश्न त्यांनी मला पहिल्यांदाच विचारला होता.

मी मधलं कपाट उघडलं. पगडी थोडी डावीकडे सरकवायला सांगितली.

"घडी मोडा आता," शेवंताबाई दारातून म्हणाली. "उघडं ठेवा."

"मग घातली कशाला?" वकीलसाहेब जवळजवळ ओरडले.

"आतमंदी आणाले. अंगनातून फरफटत आणता का?"

त्यांनी घडी मोडली आणि लुगडं मागच्या फळीवरून पुढे सोडलं, पदर समोर येईल असं. साहेबांनी खिशातून पेन काढून ते वकीलसाहेबांपुढे धरलं. माझे हात अजून निळे होते, त्यामुळे कार्डही त्यांनाच लिहावं लागलं. नाव तिनं सांगितलं, गाव सांगितलं, नागपूर सांगितलं, साल सांगितलं. मग सवयीनं त्यांनी पुढचा रकाना विचारला.

"वय?"

"माहं का लुगड्याचं?"

"लुगड्याचं."

"ल्याहा," शेवंताबाई म्हणाली, "आताच धुतलं."

कार्डावर वयाच्या रकान्यात तेच आहे. अक्षर वकीलसाहेबांचं आहे.